दुबईचं फोल्डर

प्लेगला घाबरून गावी पळालेली माणसं सुरतेत परतली, मार्केट पुन्हा भरलं, त्याच सुमारास सोनालीला रिंग रोडवरच्या एका कापडाच्या पेढीत टायपिस्टची नोकरी लागली. लिंबायतमधल्या त्यांच्या गल्लीत लूमवर जाणारे पुष्कळ होते. खुर्चीवर बसून काम करणारी ती पहिलीच. तिचे वडील धुडकूआप्पा पाळीवरून यायचे ते कानांत लूमचा खडखडाट घेऊनच. त्यामुळे मोठ्यानं बोलायचे, आणि मोठ्यानंच सगळ्या गल्लीला सांगायचे, "मन्ही आंडेर हापिसमा बसस," माझी मुलगी ऑफिसात बसते.

पेढीचा मॅनेजर कुंदन सोनालीच्या घरच्यांसारखाच धुळ्याकडचा. शेठशी गुजरातीत गोड बोलायचा, मराठी माणसांशी हिंदीत. एके दिवशी दुपट्ट्याचं एक नवं डिझाइन बाजारात यायच्या आधीच दुसऱ्या दुकानात लागलं. शेठ भडकला. कुंदननं सोनालीकडे बोट दाखवलं. "कागद हिच्या टेबलावरून जातात, शेठ."

शेठनं सगळ्यांसमोर तिची पिशवी उलटी करायला लावली. डबा, कंगवा, रुमाल, बसचं तिकीट टेबलावर पडलं. सापडलं काहीच नाही, तरी शेठ "चोर" म्हणालाच आणि तिला त्याच पावली घरी पाठवलं. तिचं लग्न कडोदऱ्याच्या एका मुलाशी ठरलेलं होतं. त्याचा भाऊ मार्केटमध्येच कामाला. बातमी तिच्या आधी कडोदऱ्याला पोचली आणि सोयरीक मोडली. डिझाइन कुंदनच्याच मेहुण्याच्या दुकानात लागलं होतं, हे पुढे अर्ध्या मार्केटला कळलं. शेठच्याही कानावर गेलं असणार. पण कुंदनशिवाय शेठचं पान हलत नव्हतं. सोनालीला बोलवून "चुकलं आमचं" म्हणायला कोणी आलं नाही.

आप्पा त्यानंतर गल्लीत हळू बोलू लागले.

सोनाली रडली नाही. उधन्याला एका कॉम्प्युटरच्या दुकानात आधी शिकायला, मग कामाला लागली. मशीन जोडणं, बिघडलेलं दुरुस्त करणं, ऑफिसात जाऊन ईमेल चालू करून देणं, सगळं शिकली. मनात मात्र डूख धरलेला होता. रिक्षा रिंग रोडवरून गेली की ती त्या इमारतीकडे पाहायची नाही, आणि न पाहताही कोणता मजला, कोणती खिडकी हे तिला दिसायचं.

नव्याण्णव साली दुकानाच्या मालकानं एक तक्रार तिच्या हाती दिली. पत्ता त्याच पेढीचा होता. ईमेल आणायला फार वेळ लागतो, फोनचं बिल चढतं, अशी तक्रार.

"दुसऱ्या कोणाला पाठवा ना," ती म्हणाली.

"दुसरं कोण आहे?" मालक म्हणाला.

ती गेली. जाताना मनात काही नव्हतं, हे ती स्वतःशी शपथेवर सांगू शकली असती. कुंदन थोडा सुटला होता, केस रंगवले होते. तो तिच्याकडे पाहत राहिला.

"तू इथे टायपिंगला होतीस ना? काय बरं नाव तुझं?"

"सोनाली."

"हां, सोनाली! लग्नबिग्न झालं की नाही?"

त्यानं ते सहज विचारलं. चहा घेणार का, असं विचारावं तसं. सोनालीनं खुर्ची ओढली आणि मशीनसमोर बसली. तिचे कान तापले होते.

पेढीची एकच पेटी होती, म्हणजे ईमेलचा एकच पत्ता, आणि त्या पेटीत वेगवेगळी फोल्डरं. मुंबईचं वेगळं, मिलचं वेगळं, दुबईचं वेगळं. दुबईचा एजंट ही पेटी तिकडून उघडायचा आणि आपले निरोप दुबईच्या फोल्डरमध्ये टाकून ठेवायचा. इथे सकाळ-संध्याकाळ फोन जोडून एक बटण दाबलं, की सगळ्या फोल्डरांतलं नवं-जुनं या मशीनवर उतरायचं. मग फोन तोडून निवांत वाचायचं. अडचण एवढीच होती, की प्रत्येक फोल्डरला "सगळं आणा" असं लावलेलं होतं. जुनी चित्रं, नकोशा जाहिराती, सगळं दर वेळी ओढलं जात होतं.

"प्रत्येक फोल्डरचं ठरवावं लागेल," ती म्हणाली. "सगळं आणायचं, नवं तेवढंच आणायचं, नुसती शीर्षकं आणायची, की काहीच नाही आणायचं. तुम्ही सांगा तसं लावते, कुंदनभाई."

तेवढ्यात फोन वाजला. कुंदननं रिसीव्हर कानाला लावला आणि हात झटकला. "मला काय विचारतेस? नको ते बंद कर."

सोनाली एकेका फोल्डरवर गेली. मुंबईला "नवं तेवढंच" लावलं. मिललाही तेच. जाहिरातींचं बंद केलं. मग दुबईवर आली. कुंदन फोनवर हसत होता, खुर्चीत मागे रेलून. तिनं दुबईपुढे "काहीच नाही" निवडलं आणि पडद्यावरची ती खिडकी बंद केली.

बटण दाबून दाखवलं. काम झटक्यात संपलं. पडद्यावर "पूर्ण झालं" आलं.

"वा!" कुंदन म्हणाला. "शिकलीस की!"

त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ तो बटण दाबत राहिला, आणि रोज त्याला "पूर्ण झालं" दिसत राहिलं. दुबईच्या फोल्डरमध्ये जुने निरोप तसेच होते, नवं काही नाही. एजंट गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं त्यानं धरलं. तिकडे एजंट लिहीत होता, की दुपट्ट्याचा पोपटी रंग गिऱ्हाइकाला नको आहे, मोरपंखी करा. उत्तर येईना तेव्हा त्याला वाटलं, काम चालू असेल. ईदच्या आधी माल दुबईला पोचला. अख्खा पोपटी.

पेढीतला शिपाई रामदास लिंबायतचाच. त्यानं येऊन सोनालीला सगळं सांगितलं. एजंटनं शेठला फोनवर शिव्या घातल्या. कुंदन ओरडून सांगत होता, की एकही निरोप आला नाही. शेठनं एजंटकडून निरोपांचे फॅक्स मागवले आणि कुंदनच्या तोंडावर फेकले. "तेव्हा डिझाइन मेहुण्याला दिलंस, मी गप्प बसलो. आता निरोप दाबून मला बुडवतोस?"

"मग?" सोनालीनं विचारलं.

"मग काय, खणातलं सगळं बाहेर काढायला लावलं. सगळ्यांसमोर. चोर म्हणाला त्याला आणि त्याच पावली काढलं."

"कुंदन रडला का?"

रामदास म्हणाला, "हो. थोडा."

त्या दिवशी सोनालीनं आईला पुरणाचे मांडे करायला लावले. सण नव्हता, पाहुणा नव्हता. आईनं विचारलं, तर म्हणाली, "खावंसं वाटलं." आणि पोटभर जेवली.

पण त्या दुपट्ट्यांना लेस लावायचं काम लिंबायतच्याच बायका घरी बसून करायच्या. शेजारच्या इंदुबाई त्यातल्याच. पुढचा माल थांबला तसे त्यांच्या दारात पडणारे गठ्ठे थांबले. एका सकाळी त्या पीठ मागायला आल्या आणि उंबऱ्यातच बसल्या.

"जो कोनी व्हई, त्यानी मन्हा पोटवर पाय दिन्हा," त्या म्हणाल्या. "त्याना हात सडोत."

सोनालीनं पीठ चांगलं शिगोशीग भरून दिलं. हात सडोत हे शब्द ऐकताना तिला पश्चात्ताप झाला का? झाला असता, तर तिनं जाऊन शेठला सांगितलं असतं. तिनं सांगितलं नाही. इंदुबाईंना दुसऱ्या व्यापाऱ्याकडचं काम मिळवून द्यायला मात्र ती बरीच फिरली. मिळेपर्यंत तिला घास गोड लागला नाही.

एकच गोष्ट तिला खुपत होती. कुंदनला कळलंच नव्हतं, की घाव कोणी घातला.

पावसाळा संपता संपता तोच दुकानात आला. केसांचा रंग उतरला होता. "सोनाली, एक मदत कर. चलथाणकडे एका ठिकाणी नोकरीचं बघतोय. त्यांना ईमेलचं काम जमणारा माणूस हवाय. त्या फोल्डरांचं मला नीट शिकव ना. तेव्हा माझ्याकडे काहीतरी चुकलं होतं."

सोनालीनं हातातला पेचकस खाली ठेवला.

"चुकलं नव्हतं. दुबईचं मी बंद केलं होतं. मुद्दाम."

कुंदननं विचारलं, "का?"

"का? तू मला चोर ठरवलंस. पिशवी उलटी करायला लावलीस. माझी सोयरीक मोडली. माझा बाप मान खाली घालून चालायला लागला. आणि वर विचारतोस, का?"

कुंदनच्या कपाळावर आठी पडली. तो मनापासून आठवू पाहत होता, ते तिला दिसत होतं. आणि हेही दिसत होतं, की त्याला काही सापडत नाही.

"डिझाइनवरून ना? पण ती... ती तू होतीस? तेव्हा तर दोघी-तिघींना काढलं होतं ग."

सोनालीनं पेचकस पुन्हा उचलला. ज्या दिवशी तिचं सगळं गेलं, तो दिवस याच्या लेखी झालाच नव्हता.

कुंदन खाली पाहत, हळूच म्हणाला, "बरं. झालं ते झालं. तू तुझं उट्टं काढलंस. आता ते परत चालू कसं करायचं, तेवढं सांगशील?"

"बाहेर हो," ती म्हणाली.

तो गेला. चलथाणची नोकरी त्याला मिळाली नाही, असं पुढे रामदासनं सांगितलं. सोनालीनं ऐकलं आणि मान हलवली. तिला बरं वाटलं नाही. नोकरी जाऊन, रडून, दारोदार फिरून त्याला काय कळणार होतं? तिला तो उपाशी नको होता. त्याला आठवायला हवं होतं. आणि माणसाला आठवायला कसं लावायचं, हे तिला कुठल्याच मशीनवर कोणी शिकवलं नव्हतं.