आक्काचे अकरा जामीनदार

परवा हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते. माझ्यापुढे नऊवारीतल्या एक आजी होत्या. त्यांनी जांभळ्या शाईच्या पॅडवर अंगठा दाबला, कागदावर उठवला, आणि कारकुनाने पुसायला पुढे केलेल्या कागदाच्या कपट्याकडे ढुंकूनही न बघता तो अंगठा सरळ कानामागच्या केसांना पुसला. पांढऱ्या केसांत एक जांभळी रेघ उमटली. त्या शाईचा तुरट, किंचित गोडसर वास माझ्यापर्यंत आला आणि मी रांगेत उभ्या उभ्या पन्नास वर्षं मागे जाऊन पोहोचले. अशीच शाई केसांना पुसणाऱ्या बायका मी तरुणपणी दर बाजारच्या दिवशी पाहिल्या होत्या. एकदा मला हसू आलं तेव्हा त्यांच्यातली एक म्हणाली होती, "हसू नका बाई, त्यानं क्येस काळं ऱ्हात्यात!" त्यावर बाकीच्या बायका पोट धरून हसल्या होत्या! या वयात मला वाटतं, तेव्हाच थोडी शाई लावून घेतली असती तर बरं झालं असतं.

मी मूळची नगर शहरातली. बावीस वर्षांची असताना प्रवरेकाठच्या एका गावी प्राथमिक शाळेत नेमणूक झाली. कोल्हारला एस.टी.तून उतरायचं, पुढे बैलगाडी मिळाली तर गाडी, नाहीतर आपले पाय. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. गावाच्या एका अंगाला पाटाचं पाणी आणि ऊस, दुसऱ्या अंगाला नुसती कुसळं आणि खडक. दुष्काळी कामावर खडी फोडून फोडून लोकांच्या तळहातांना पडलेले घट्टे अजून गेले नव्हते, पण माणसं पुन्हा एकमेकांची चेष्टा करू लागली होती. दुष्काळ संपल्याची ती खरी खूण असते असं मला वाटतं. पाऊस काय, पंचांगातही असतो.

शेतीच्या कर्जासाठी गावात सोसायटी होती. पण ज्याला शेतच नाही, किंवा ज्याची गरज बांधाबाहेरची आहे, त्याने जायचं कुणाकडे? म्हणून गावानेच दहा-दहा रुपयांचे शेअर जमवून एक पतपेढी काढली होती. पेढी म्हणजे काय, तर आमच्या शाळेची शेवटची खोली, एक पत्र्याची ट्रंक, दोन रजिस्टरं आणि तो शाईचा पॅड. आमचे मुख्याध्यापक तिचे बिनपगारी सेक्रेटरी. बाजारच्या दिवशी शाळा सुटली की खोली उघडायची. अंडी विकून आलेली बाई जाता जाता रुपया ठेवून जायची, गवंडी मजुरीतले आठ आणे ठेवायचा, आणि त्याच पैशांतून कुणाचा रंधा यायचा, परटाची इस्त्री, कुणाच्या घोड्याला नवा टांगा. गावाचाच पैसा गावातल्या गावात फिरायचा, आणि ज्याच्या हातून जाईल त्याला थोडं वर उचलून जायचा. माझं अक्षर बरं म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मीही दहा रुपये भरून सभासद झाले, आणि आपण ग्रामोद्धार करतो आहोत अशा थाटात वावरू लागले. बाविसाव्या वर्षी हे चालायचंच.

आणि तिथेच मी घोळ घातला.

शाळेमागच्या गल्लीत एक विधवा बाई राहायची. पस्तिशीची असेल. नाव नाही सांगत. सगळं गाव तिला आक्का म्हणे, तेवढं पुरे. पदरी दोन मुली. उन्हाळ्यात घरोघरी जाऊन ती हातशेवया करून द्यायची. पाटावर गोळा ठेवून तिचे तळवे पुढे-मागे सरकू लागले की खालून केसासारखी बारीक शेवई उतरायची. बघत राहावंसं वाटे. पण आता लोकांना यंत्राच्या शेवयांची गोडी लागली होती, आणि यंत्र होतं चार मैलांवर. आक्काने ठरवलं, यंत्र आपण घ्यायचं. उन्हाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांत वर्षाची बेगमी होईल. ती माझ्याकडे आली तेव्हा संक्रांत झाली होती. पतपेढीच्या कमिटीची बैठक महिन्यातून एकदाच भरे. पुढच्या बैठकीत कर्ज मंजूर झालं तरच होळीच्या आत यंत्र आलं असतं. ती बैठक चुकली की हंगाम गेला. आणि हंगाम गेला की थोरल्या मुलीची शाळा सोडवून तिला उसाच्या खुरपणीला धाडायचं, हे आक्काने मनाशी पक्कं केलं होतं. ती मुलगी माझ्याच वर्गात होती. पाढे म्हणताना डोळे मिटून घ्यायची.

मी म्हटलं, "आक्का, दोन जामीनदार आणा, बाकी मी बघते."

आता दोन म्हणजे दोन. पण आक्का धसकलेली. दोघांना विचारलं आणि एक ऐन वेळी पाहुण्यांच्या गावाला गेला, तर? म्हणून जिथे जिथे तिने शेवया केल्या होत्या त्या प्रत्येक घरात तिने शब्द टाकला. नाही कोण म्हणणार? मधल्या सुट्टीत एकेकजण यायचा आणि म्हणायचा, "बाई, आक्काच्या कागदाव माजी सई घ्या." माझा ऊर भरून यायचा. अर्जावरची जागा संपली तेव्हा मी डिंकाने आणखी एक कागद चिकटवला. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण मी ती सगळी नावं जामिनाच्या रजिस्टरात, वळणदार अक्षरात, शाईने चढवली. अकरा जामीनदार!

बैठकीला आठ दिवस राहिले असताना सुतार स्वतःचा अर्ज घेऊन आला. सेक्रेटरींनी रजिस्टर उघडलं आणि कपाळाला हात लावला. आमच्या पेढीचा नियम होता, एका सभासदाने एका वेळी एकालाच जामीन राहायचं. सुताराचे दोन्ही जामीनदार आक्काच्या यादीत अडकलेले. त्याच्यामागून आलेल्या परटाचेही तेच. गावातली पत असलेली निम्मी माणसं मी एका बाईच्या शेवयांना बांधून टाकली होती.

"बाई, हा अर्ज आहे का लग्नाची पत्रिका?" सेक्रेटरी म्हणाले. मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

उपाय सोपा दिसत होता, नऊ नावं खोडायची. पण नाव खोडून घ्यायला एकही गडी तयार होईना. आमच्याकडे जामीन राहणं ही नुसती सही नसते. एकदा दिलेला जामीन काढून घेतला म्हणजे त्या माणसावरचा भरवसा उडाला, असाच त्याचा अर्थ होतो. "माजं खोडलं तर गाव म्हनंल, ह्याच्या आन् आक्काच्या काईतरी बिनसलं. त्या दुसऱ्याचं खोडा की!" असं अकराही जण एकमेकांकडे बोट दाखवून सांगत होते. दोघांची तर त्यावरून पारावर जुंपली. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "दोन नावं आक्कानेच सांगावीत. पण बैठकीपर्यंत कागद नीट झाला पाहिजे, नाहीतर तो पुढच्या महिन्यावर." म्हणजे दोघांची नावं घ्यायची आणि नऊ घरं दुखवायची, तीही अशी घरं, जिथे तिला पोटासाठी पुन्हा जायचं होतं. आक्का दोन दिवस घराबाहेर पडली नाही. मला जेवण गोड लागेना. माझ्या सुंदर अक्षराचा इतका राग मला पुन्हा कधी आला नाही.

बैठकीच्या दिवशी आक्का आली आणि दाराच्या आत उभी राहिली. कमिटीत एक म्हातारे शेतकरी होते, गाव त्यांना आबा म्हणे. वाळकं शरीर, तिरसट तोंड. हिशेब चोख, पण जन्मात कधी कुणाला जामीन राहिलेले नव्हते. अर्जाचं कळताच ते पारावर म्हणाले होते, "शेवयाच्या यंत्राला कर्ज? उंद्या कोन पुरनयंत्र मागंल, मंग काय करायचं?" आक्काला ते कळलेलं होतं.

"सांग आक्का, कोणती दोन ठेवायची?" सेक्रेटरींनी विचारलं.

"समदीच खोडा," आक्का म्हणाली. "एक ह्या बाई लिवा. ह्येंनी घोळ घातलाय, ह्येच निस्तरतील. आन् दुसरं, आबा."

आबांनी मान वर केली. "म्या? म्या तर न्हाई म्हनलं हुतं तुला."

"म्हनून तर," आक्का म्हणाली. "ते अकराजन लई भली मानसं हायती, आबा. माजा हप्ता चुकला तर म्हनतील, आसू दे आक्का. आन् येकदा का 'आसू दे' आईकलं, की मी बसन. मला 'आसू दे' न म्हननारा मानूस पायजे."

आबांनी शाईची दौत पुढे ओढली, टाक मागितला आणि मोडी वळणाची, लांबलचक सही केली. सगळीच नावं एकदम खोडल्यामुळे कुणाचाच मान गेला नाही. त्या आठवड्यात सुताराचं आणि परटाचं कामही झालं. होळीच्या आधी यंत्र एस.टी.च्या टपावरून आलं. चैत्र-वैशाखात आक्काच्या गल्लीतून चालायला जागा नव्हती. उलट्या टाकलेल्या खाटांवर शेवयांचे पडदे वाळत असायचे आणि थोरली मुलगी सुट्टीत दांडा फिरवत मोठमोठ्याने पाढे म्हणायची. जूनमध्ये ती माझ्या वर्गात पुढच्या रांगेत येऊन बसली तेव्हा हजेरीत तिचं नाव मी जरा मोठ्यानेच घेतलं.

दर महिन्याच्या हप्त्याच्या दिवशी आबा सकाळी आक्काच्या ओट्यावर जाऊन बसायचे. बोलायचे काही नाहीत. ती पैसे घेऊन निघाली की उठून घरी जायचे. श्रावणात मात्र अवघड झालं. आठ दिवस झड लागलेली, यंत्र कोपऱ्यात झाकून ठेवलेलं, धाकटी तापाने फणफणलेली. माझा नुकताच पगार झाला होता. मी आबांना वाटेत गाठून म्हटलं, "या महिन्याचं मी भरते. कुणाला कळायचंही नाही."

"तुमी भरलं तर हप्ता जमा हुईल, बाई," ते म्हणाले. "पन तिची पत उनी हुईल. ऱ्हाऊ द्या."

मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. तासाभराने ते आक्काच्या दारात हजर. डोक्यावर पोत्याची खोळ आणि काखेत गाठोडं. गाठोड्यात घरी दळून आणलेला गव्हाचा रवा.

"शेवया कर."

"आवं आबा, ह्या हवंत वाळायच्या न्हाईत त्या. बुरशी चढंल."

"तुला इचारलं का म्या? मजुरी सांग."

आक्काने सांगितली. त्यांनी एक पैसाही कमी-जास्त न करता मोजून दिली. आक्काने शेवया केल्या, पदराखाली पैसे झाकून पावसातून पेढीत आली आणि हप्ता भरला. ट्रंकेच्या कुलपात मी उगीचच खूप वेळ किल्ली फिरवत बसले, कारण मला वर बघायचं नव्हतं. आबांच्या घरी मग तीन दिवस दोन्ही वेळा ओल्या शेवया आणि गुळवणी होती. त्यांच्या कारभारणीने सगळ्या आळीला ऐकू जाईल असा उद्धार केला म्हणे. आबांनी ताट सोडलं नाही. त्या एका श्रावणाने आक्काही शहाणी झाली. पुढच्या उन्हाळ्यात तिने पावसाळ्याच्या हप्त्यांचे पैसे आधीच पेढीत वेगळे ठेवले.

दोन वर्षांनी शेवटचा हप्ता भरला गेला. सेक्रेटरींनी आम्हा दोघा जामीनदारांना मोकळं केल्याच्या सह्या करायला बोलावलं. मी झटकन केली. आबांनी रजिस्टर पुढे ओढलं आणि स्वतःच्या नावावर बोट ठेवलं.

"आबा, सही करा. कर्ज फिटलं," सेक्रेटरी म्हणाले.

"फिटलं त्ये म्हाईत हाय मला." त्यांनी बोट उचललं नाही. "नाव ऱ्हाऊ द्या की. काय खातंय का त्ये?"

तेव्हा आक्काच पुढे झाली. "करा सई, आबा. फुडल्या म्हैन्यात पिठाच्या गिरनीसाठी अर्ज टाकायचा हाय. तुमी मोकळं न्हाई झालात, तर मला जामीन कोन ऱ्हाईल?"

आबांनी तिच्याकडे एकदा तिरसटपणे पाहिलं आणि लगेच सही केली.

पुढे माझी बदली झाली. पतपेढीला आता दुमजली इमारत आहे असं ऐकते. आत काचा आहेत, संगणक आहेत, आणि अर्जावर जामीनदारांसाठी आखून दिलेल्या दोनच ओळी आहेत. हे सगळं चांगलंच आहे. मी काही जुन्या ट्रंकेसाठी उसासे टाकणारी बाई नाही. पण आयुष्यात मला 'असू द्या' म्हणणारे पुष्कळ भेटले आणि त्यांच्या मायेत मी अनेक कामं अर्धी टाकली, हे आज कबूल करते. माझ्याकडून पूर्ण हप्त्याची वाट बघत कुणीतरी ओट्यावर येऊन बसायला हवं होतं. गावाने त्या खोलीत पैसे ठेवले होते हे खरं. पण एक माणूस दुसऱ्याला मनापासून सांगतो, 'तू हे करशील, आणि होईपर्यंत मी इथून हलणार नाही', तेही तिथे ठेवलेलं होतं, आणि आक्काने ते व्याजासकट उचललं. तिची थोरली मुलगी पुढे शिक्षिका झाली. गणित शिकवते.