पोत्याला एक टोपण

टोपणबाई हे नाव त्यांना पोल्ट्रीवाल्यांनी ठेवलं, आणि बाईंनी जन्मभर घासूनही ते पुसलं गेलं नाही. तशा त्या जनावरांच्या डॉक्टर. पण अडलेल्या गाईजवळ त्यांना फारसं कुणी पाहिलं नाही. त्यांचं आयुष्य गेलं रोगजंतूंच्या मागे, सरकारी प्रयोगशाळेच्या एका खोलीत, जिथली खिडकी उघडत नसे आणि नळ बंद होत नसे.

कामही असं, की सांगितलं तर लोकांना हसू यावं. काचेच्या बशीत जंतू पसरायचे, त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या आणि बशी रात्रभर उबेत ठेवून द्यायची. औषध चालत असेल तर सकाळी टिकलीभोवती स्वच्छ रिंगण दिसतं. तिथे जंतू वाढलेले नसतात. ते रिंगण पट्टीने मोजायचं. अठ्ठावीस वर्षं बाई रिंगणं मोजत होत्या आणि वर्षागणिक ती आक्रसत होती.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी दादाच्या शेडमध्ये पिल्लं पटापट मरायला लागली. दादा म्हणजे बाईंचा सख्खा मोठा भाऊ. आई गेल्यावर वेणी घालून, डबा भरून यानेच त्यांना शाळेत धाडलं होतं. बाईंनी औषध दिलं, रोग हटला. खरं तर तिथेच थांबायचं. पण तेव्हा झाडून सगळे जे सांगत तेच बाईंनीही सांगितलं: रोग नसला तरी खाद्याच्या पोत्याला याच औषधाची एक टोपण पावडर घालत जा, दुखणं पुन्हा फिरकणार नाही. कोंबड्या अंगाने भरल्या, साहेब खूश झाले, पत्रक छापायचं ठरलं. बाईंना हौस दांडगी. त्यांनी स्वतःच्या हाताने चित्र काढलं, एक पोतं आणि एक टोपण, अक्षरशत्रूलाही कळेल असं. खाद्याच्या प्रत्येक दुकानात ते लागलं.

सहा वर्षांनी रिंगणं लहान दिसायला लागली तेव्हा बाईंनी पट्टी बदलून ती पुन्हा मोजली. थोड्याथोडक्या औषधाने जंतू मरत नव्हते, शहाणे होत होते. शेडमध्ये राबणाऱ्या माणसांच्या पोटातही तेच जंतू निघाले. बाईंनी दुसरं पत्रक काढलं, रोगाशिवाय औषध नको म्हणून. त्यात चित्र नव्हतं, चार लांबलचक परिच्छेद होते. विद्वान झाल्या होत्या ना आता! ते कुणीही वाचलं नाही. मग बाई स्वतः शेड हिंडल्या. लोकांनी चहा पाजला, माना डोलावल्या, आणि सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

एकटा दादा म्हणाला, "बरं." आणि त्याने टोपण बंद केलं.

त्या एका 'बरं'वर बाईंनी मोठा अभ्यास उभारला. एकीकडे औषध घालणाऱ्यांच्या चाळीस शेड, दुसरीकडे दादाच्या तीन. औषध थांबवल्यावर रिंगणं पुन्हा मोठी होतात एवढं दाखवता आलं, की खाद्यातल्या औषधावर बंदी येईल, ही त्यांची आशा. वीस वर्षं दर महिन्याला कोंबड्यांचे नमुने घेतले. दादाच्या शेडमधली रिंगणंही आक्रसतच गेली. बंदी ठरवणाऱ्या सरकारी समितीने अहवाल परत पाठवला: औषध बंद केलं तिथेही तेच, मग दोष औषधाचा कसा? दादाचं खाद्य तपासावं हे त्यांच्या मनातही आलं नाही. सख्ख्या भावाचं खाद्य कोण तपासतं?

निवृत्तीला चार महिने उरले आणि दादाला पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ताप भरला. नऊ दिवसांत तीन औषधं बदलून झाली. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्याच्या रक्तातले जंतू बाईंकडेच पाठवले.

"आमच्याकडची सगळी औषधं तपासून बघितली," ते फोनवर म्हणाले. "तुमच्याकडे जास्त प्रकार आहेत. एक जरी चालणारं सापडलं, तरी लगेच सांगा."

बाईंनी दोन बशांत बारा औषधांच्या टिकल्या मांडल्या आणि त्या उबेत ठेवल्या.

दुपारी दादाचा चष्मा आणायला त्या शेडवर गेल्या. खाद्याच्या खोलीत इतक्या वर्षांत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. चष्मा खिडकीत होता. शेजारच्या खिळ्याला दोरीने एक टोपण टांगलेलं होतं आणि त्याच्या तळाशी पिवळी पावडर होती, ताजी. वर भिंतीवर त्यांनीच काढलेलं चित्र, जपून प्लॅस्टिकमध्ये घातलेलं.

"दादा, तू टोपण बंद केलं होतंस ना?" त्यांनी रुग्णालयात त्याच्या खाटेशी बसून विचारलं.

"केलं होतं की. दोन महिने. मग कोंबड्या रोडावल्या, वीसेक मेल्याही. तू साहेबांना घेऊन बघायला येणार होतीस. म्हटलं, माझ्या बहिणीचं हसं होईल. म्हणून घातलं. एकच हं, जास्त नाही."

"वीस वर्षं?"

"तुझ्या कोंबड्या मी कधी मरू दिल्या नाहीत, चिमे."

तो हसला. शाबासकी मिळेल असं त्याला वाटत होतं. बाईंना त्याचा भयंकर संताप आला आणि त्या संतापाची लाजही वाटली. वेणी घालणारा हात सुयांनी सुजला होता. त्यांनी चष्मा पुसला आणि त्याच्या डोळ्यांवर ठेवला.

सकाळी त्यांनी दोन्ही बशा खिडकीच्या उजेडात धरल्या. बाराही टिकल्यांच्या काठापर्यंत जंतू सायीसारखे दाटले होते. रिंगण कुठेच नव्हतं. तरीही बाईंनी प्रत्येक टिकलीला पट्टी लावली आणि वहीत बारा वेळा शून्य लिहिलं. मग डॉक्टरांना फोन केला.

"सापडलं का गं काही?" दादाने त्या आत शिरताच विचारलं.

"सापडलं. आजच सुरू करतील."

"बरं," म्हणून त्याने डोळे मिटले.

वहिनींना मात्र त्यांनी बाहेरच्या बाकावर बसवून खरं ते सांगितलं. वहिनींनी पदराने तोंड दाबून रडून घेतलं.

"वन्सं," त्या शेवटी म्हणाल्या, "आता खाद्याचं मलाच बघावं लागणार. पोत्याला एकच टोपण ना?"

"घालू नका, वहिनी. त्यानेच हे सगळं झालं. अजिबात घालू नका."

वहिनींनी डोळे पुसले आणि नणंदेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिला आणखी दुखवायला नको असं त्यांना वाटलं असावं.

"बरं," त्या म्हणाल्या.

वीस वर्षांपूर्वी दादा अगदी त्याच आवाजात म्हणाला होता.