खडीवरची उपासना

त्या हिवाळ्यात मालनबाईंना रोज पहाटे मास्तर ऐकू यायचे. दिसायचे नाहीत, नुसते ऐकू यायचे. झोप आणि जाग यांच्या मधल्या धूसर पट्टीत कुठेतरी टाळ वाजायचा आणि पाठोपाठ मास्तरांचा जरासा घोगरा, चढण चढत असल्यासारखा आवाज यायचा. शब्द कळायच्या आत डोळे उघडायचे. मग गारठलेली खोली, राखेनं भरलेली चूल आणि बाहेर कामावर निघालेल्या बायांची कुजबुज.

रंगनाथ मास्तर म्हणजे मालनबाईंचे मालक. नगर जिल्ह्यात कर्जतकडच्या त्या लहानशा गावात ख्रिस्ती वस्तीची मोजकी घरं होती. मास्तर तिथल्या मिशनच्या शाळेत शिकवायचे आणि रविवारी देवळात उपासना चालवायचे. देऊळ म्हणजे बुटकी कौलारू इमारत. वस्तीतलं कुणी तिला चर्च म्हणत नसे. नाताळच्या पहाटे मास्तर टाळ घेऊन दारोदार गात फिरायचे आणि त्यांच्या मागं सगळी वस्ती पांघरुणं लपेटून देवळात जमायची.

मास्तर वारले आणि हे थांबलं. पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, नगरहून कधीमधी यायचे, पण नाताळात त्यांना तिकडच्या मोठ्या देवळांतूनच सवड नसायची. तसा नाताळ होत होता. दारांवर कागदी तारे लागायचे, करंज्या तळल्या जायच्या, नगरला-पुण्याला कामाला गेलेली पोरं नवे कपडे घालून यायची. देवळाला मात्र कुलूप. मालनबाईंना वाटायचं, मांडव सजलाय, पंगती उठतायत, आणि ज्याचं लग्न त्यालाच बोलवायचं राहिलंय. हे त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. आपण मास्तरांची बायको, मास्तर नव्हे, असं त्यांना वाटे.

मग बहात्तर साल आलं. पाऊस झालाच नाही. विहिरींचे तळ दिसू लागले आणि सगळं गाव रस्त्याच्या दुष्काळी कामावर गेलं. पाटलाच्या घरची सून आणि ख्रिस्ती वस्तीतली म्हातारी एकाच ढिगाशी बसून खडी फोडू लागल्या. मालनबाईंच्या शेजारी मनकर्णा बसायची. तिची शेती गावच्या खालच्या वाडीत, घर खातंपितं, पण आता तिच्याही हातात हातोडी होती. दिवसभर दगडाचा पांढरा भुगा उडायचा आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बायांचे चेहरे, केस, पापण्या इतक्या पांढऱ्या दिसायच्या की मालनबाईंना आपण कुणाच्या तरी स्वप्नात बसलोय असं वाटायचं.

नाताळ जवळ आला तशी वस्तीत कुजबुज झाली की यंदा काही नाही. तळायला तेल नाही, गूळ नाही. कामावर वाटपाची सुकडी मिळते ती पोरांच्या तोंडी लागते, तेवढंच. अशाच एका पहाटे मास्तरांचा आवाज ऐकता ऐकता मालनबाईंच्या मनात आलं, करंज्या नाहीत, कपडे नाहीत, मग उरलं काय? जे उरलं, तेच तर कितीक वर्षं होत नव्हतं.

त्या उठल्या आणि कामावर गेल्यावर थेट मुकादमापुढं उभ्या राहिल्या. मुकादम गहिनीनाथ, गावातलाच, मास्तरांच्या हाताखाली शिकलेला.

"गहिनीनाथ, येत्या सोमवारी आमचा नाताळ हाय."

"मग घरी राहा की मास्तरीनबाई. पर खाडा मांडावा लागंल."

"खाडा कुनालाच परवडायचा न्हाई. हितंच उपासना करू म्हनते. भाकरीच्या सुट्टीत."

गहिनीनाथ रस्त्याच्या टोकाकडं बघत राहिला. "साहेब आलं तर काय सांगू?"

"सांग, बाया भाकर खात्यात आन गात्यात."

तो हसला. "गाऊ द्या म्हनंल तो. करा तुमी."

नाताळच्या आदल्या दिवशी त्यांचा मुलगा शांतवन नगरहून आला. नागापूरच्या एका कारखान्यात तो नव्यानंच लागला होता. सुट्टी घेऊन आला होता तो आईला न्यायला.

"आई, सकाळच्या गाडीनं नगरला जाऊ. मोठ्या देवळात बस, बाजा ऐक, जरा बरं खा. हितं या धुळीत काय ठेवलंय?"

"मोठ्या देवळात गानारी लई हायेत," मालनबाई म्हणाल्या. "हितं कोन हाय?" मग फळीवरचं मास्तरांचं बायबल काढून म्हणाल्या, "तू वाचशील का उद्या शास्त्र? तुला वाचता येतं."

शांतवननं मान खाली घातली. "मला न्हाई जमायचं, आई. लोकांपुढं अडखळतो मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी हातोड्या थांबल्या. एकदम इतकं शांत झालं की लांब कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. वस्तीतली माणसं खडीच्या ढिगाजवळ, निष्पर्ण लिंबाखाली जमली. बाकीच्या बाया जिथं होत्या तिथंच भाकरी सोडून बसल्या. कुणी उठून गेलं नाही. सगळ्यांची तोंडं मालनबाईंकडं वळली.

त्यांनी डोळे मिटले. मास्तरांचा आवाज यावा म्हणून वाट पाहिली. आला नाही. उन्हाची ऊब पापण्यांवर होती आणि आत नुसती तांबूस शांतता. मग त्यांनी आपल्याच आवाजात सुरुवात केली. पहिली ओळ फाटली. दुसरीला वस्तीतल्या केशरबाईंनी साथ दिली, तिसरीला पुरुष आले, आणि ते कितीतरी वर्षं न गायलेलं गाणं सगळ्यांच्या तोंडी असं आलं की जणू कालच गायलं होतं. शांतवन मागं उभा होता. तोही गात होता.

गाणं संपल्यावर बोलायची वेळ आली. बायबल मांडीवर होतं, पण मालनबाईंनी ते उघडलं नाही. समोरच्या पांढऱ्या चेहऱ्यांकडं बघून त्या गोष्ट सांगू लागल्या.

"त्या साली राजाचा हुकूम सुटला. ज्यानं त्यानं आपापल्या गावी जाऊन नावनिशी लिवायची. आपन हजेरीला नाव लिवतो ना, तसं. योसेफ म्हनून एक सुतार हुता. त्याची बायकू मरीया दिवसांत. थंडीचे दिवस, लांबची वाट. न जाऊन सांगतो कुनाला? निघाली दोघं."

मनकर्णाच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला. "दिवस भरल्याली बाई चालत गेली?"

"गेली. गावात पोचली तर उतरायला जागा न्हाई. समदं गाव भरल्यालं. मग गोठ्यात जागा दिली कुनी. तिथंच बाळ झालं. फडक्यात गुंडाळून गव्हानीत निजवलं."

"बाळंतपन कुनी केलं?" मनकर्णानं विचारलं.

मास्तरांनी हे कधी सांगितलं नव्हतं. मालनबाईंनीही कधी विचारलं नव्हतं.

"लिवलं न्हाई कुठं," त्या म्हणाल्या.

"लिवलं नसंल," मागून एक म्हातारी म्हणाली, "पर भरल्या गावात बाईचं कन्हनं ऐकून एकबी बाई उठली न्हाई, आसं हुईल व्हय?"

"पानी तरी कुनी तापवून दिलंच आसंल," दुसरी म्हणाली.

बाया आपसांत बोलू लागल्या. कुणी दाई कशी असेल ते सांगितलं, कुणी गोठ्यात शेकोटी कुठं केली असेल ते. मालनबाई ऐकत राहिल्या. त्यांना ते बेथलेहेम दिसू लागलं. मास्तरांनी सांगितलेलं लांबचं, चित्रातलं नव्हे, तर अगदी खालच्या वाडीसारखं. अंधारात एक दार उघडतंय, हातात तांब्या घेऊन एक बाई पदर सावरत गोठ्याकडं निघालीय, आणि तिचं तोंड मनकर्णासारखं आहे.

"मग कोन कोन आलं बघायला?" मनकर्णानं विचारलं.

"मेंढपाळ आलं. आदी मेंढपाळच."

रस्त्याच्या कडेला काठीला टेकून उभा असलेला एक धनगर जरा पुढं सरकला आणि खाली बसला.

शेवटी मालनबाईंनी प्रार्थना केली. बाळासाठी, आईसाठी, पावसासाठी आणि ज्यांना जागा नाही त्या सगळ्यांसाठी. केशरबाईंनी चिमूट चिमूट सुकडी सगळ्यांच्या हातांवर ठेवली. मुकादमानं हाक द्यायला जरा उशीरच केला. शांतवन त्या दिवशी नगरला गेला नाही. दुपारनंतर आईच्या जागी तोच खडी फोडत बसला.

पुढच्या साली पाऊस झाला. वस्तीतल्या पुरुषांनी देवळाची कौलं चाळली, भिंतींना चुना दिला. नाताळच्या पहाटे मालनबाई स्वतः गात दारोदार गेल्या. वस्तीत ठरून गेलं होतं: आधी उपासना, मग तारे, करंज्या, गाठीभेटी. नगरचे पाळकसाहेब आठवड्यानं आले तेव्हा शास्त्र कुणी वाचलं म्हणून त्यांनी चौकशी केली. शांतवननं वाचलं होतं, जरा अडखळत. गोष्ट मालनबाईंनीच सांगितली होती.

नाताळच्या त्या सकाळी मनकर्णाही आली होती, दोघीतिघींना घेऊन. आत यावं की नाही अशा दाराशी उभ्या राहिल्या. मालनबाईंनी सरकून चटईवर जागा केली. उपासना झाल्यावर सगळ्याजणी देवळापुढच्या उन्हात बसल्या. मनकर्णानं ओच्यातून आपल्या रानातला हुरडा काढला, केशरबाईंनी करंज्या वाटल्या. कुणाला शेतावर जायचं होतं, पण उठायची घाई कुणी केली नाही. बोलता बोलता मालनबाईंचा डोळा लागला, आणि मनकर्णानं त्यांच्या डोक्यावरचा सरकलेला पदर हलकेच नीट केला.