दोन नाण्यांवर एकच ओरखडा

भिंग माझ्या हातातून निसटून टेबलावर पडलं. समोर बसलेले जपानी आजोबा दचकले. माझी सून म्हणाली, "आई, काय झालं? चेहरा असा पांढरा का पडलाय?"

जे दिसलं ते चुकीचं असावं म्हणून मी भिंग पुन्हा उचललं. दोन्ही नाणी पुन्हा पाहिली. चूक नव्हती.

आजोबा आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहत. आम्ही जपानमध्ये एदोगावात राहायला आलो त्याच्या आदल्या वर्षी मोठा भूकंप झाला होता आणि त्यात त्यांचं कपाट आडवं झालं होतं. कपाटात अमेरिकेची जुनी चांदीची डॉलर नाणी होती. एका बाजूला बाईचं तोंड, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. प्रत्येक नाण्याला कागदाचं पाकीट, पाकिटावर त्याची सगळी माहिती. भूकंपात नाणी पाकिटांतून सांडली आणि एकमेकांत मिसळली. आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. कुठलं नाणं कुठल्या पाकिटातलं, हे त्यांना दिसेना.

कचरा टाकायच्या जागी सुनेची आणि त्यांची ओळख झाली. तिनं मला न विचारता सांगून टाकलं की माझ्या सासूबाई सोनाराची मुलगी आहेत, त्यांच्या नजरेतून तांदळातला खडा सुटत नाही.

मी तिच्यावर चिडले. "अगं, मी चौथी शिकलेली. मला कसल्या परीक्षेला बसवतेस?"

"परीक्षा नाही हो. तांदूळ निवडायला बसलात असं समजा. बोलायचं काम माझं."

मग दर शनिवारी दुपारी आम्ही दोघी वर जायला लागलो. मी बघायचं, सुनेला मराठीत सांगायचं, तिनं त्यांना जपानीत. बाईच्या कानावरचे केस किती झिजलेत, गरुडाच्या छातीवरची पिसं दिसतात की सपाट झालीत, यावरून नाण्याची प्रत ठरायची. हे मला लवकर जमलं. त्याहून लवकर समजलं ते ठशाचं. एकाच सालची नाणी वेगवेगळ्या ठशांतून निघतात आणि ठशातला दोष त्याच्या प्रत्येक नाण्यावर उतरतो, हे आजोबा हातवारे करून समजावत होते. मला ते लहानपणापासून माहीत होतं. माझे वडील देवाचे टाक करत. चांदीचा पत्रा ठशावर ठेवून ठोकायचा की देव उमटायचा.

एक नाणं आजोबांच्या खास जिवाचं होतं. ते त्यांच्या बायकोनं दिलेलं होतं, आणि ती आता नव्हती. त्यावर सालातल्या शेवटच्या आकड्यामागे आणखी एका आकड्याची पुसट सावली होती. असा ठसा कुणाच्याच यादीत नाही, असं आजोबांचं म्हणणं. नाणी जमवणाऱ्यांच्या मासिकाला त्यांनी पूर्वी तसं कळवलंही होतं. उत्तर आलं की एका नाण्यावरून ठसा सिद्ध होत नाही, दुसरं दाखवा. इतक्या वर्षांनी त्यांना तसंच दुसरं नाणं मिळालं होतं, नागोयाच्या कुणाकडून तरी, टपालानं. मासिकाला पाठवायचं पत्र लिहून, तिकीट लावून तयार होतं. दोन्ही एकाच ठशातली आहेत एवढं मी बघून सांगायचं होतं.

मी बघितलं. आकड्यामागची सावली दोन्हीवर अगदी सारखी. मी मान डोलावली तशी आजोबांनी लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या. सून हसून म्हणाली, "बघा, पास झालात की नाही!"

तेवढ्यात मला बाईच्या गालावरचा ओरखडा दिसला. तिरपा, गव्हाच्या दाण्याएवढा. दुसऱ्या नाण्यावरही तोच. तीच जागा, तोच तिरपेपणा.

ठशाची खूण सगळ्या नाण्यांवर येते. ओरखडा मात्र ज्याचा त्याचा असतो. कुणा एका खऱ्या नाण्याला तो कुठेतरी घासून पडला असेल. त्या नाण्यावरून कुणीतरी खोटा ठसा केला होता आणि ओरखड्यासकट नाणी पाडली होती.

मी हे सुनेला हळू आवाजात सांगितलं. तिचं हसू गेलं.

"आई, नक्की ना? बायकोनं दिलेलं आहे ते."

"म्हणूनच तर जीभ उचलत नाही गं."

"मग नका सांगू. कुणाला कळणार आहे?"

"पत्र छापून आल्यावर कुणीतरी भिंग लावेलच. चारचौघांत शोभा होईल त्यांची."

आजोबा आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होते. नऊ-दहा वर्षांची असताना मी गिऱ्हाइकासमोर म्हणाले होते, "बाबा, खंडोबाच्या घोड्याखालची ही रेघ सगळ्या टाकांवर आहे. ठसा तडकलाय." गिऱ्हाइकानं टाक खाली ठेवला आणि तो निघून गेला. वडील एवढंच म्हणाले, "दिसतं ते सगळं बोलायचं नसतं." दुसऱ्या दिवसापासून माझं बसणं दुकानातून चुलीपाशी गेलं. त्याच वर्षी शाळाही सुटली.

"सांग त्यांना," मी सुनेला म्हणाले.

तिनं सांगितलं. आजोबांनी एकच प्रश्न विचारला. ओरखड्याची कड दोन्हीवर बोथट आहे का? मला त्यांचा अर्थ कळला. खऱ्या ओरखड्याची कड धारदार असते, ठशातून उतरलेल्याची बोथट. बायकोच्या नाण्यावर ती धारदार निघाली, तर ते मूळचं, खरं नाणं ठरलं असतं. मी नाणं उजेडात फिरवून फिरवून बघितलं. धारदार असू दे, असं मनात म्हणत बघितलं.

दोन्ही कडा बोथट होत्या.

आजोबांनी पाकीट फोडून पत्र बाहेर काढलं. ते उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, कागदाला नाक लावून, मोठ्या अक्षरांत लिहायला लागले. सून वाचून सांगत होती, "माझी दोन्ही नाणी खोटी आहेत, असं लिहितायत. हा ओरखडा कुणाच्या नाण्यावर असेल तर त्यानं सावध व्हावं." लिहून झाल्यावर त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि पेन्सिल दिली. ओरखडा कुठे आहे ते मी काढून दाखवायचं होतं.

शाळा सुटल्यापासून मी चित्र असं काढलंच नव्हतं. आधी बाईचा गाल काढला, कान काढला, मग ती तिरपी रेघ. तोवर आजोबांनी बायकोचं नाणं चाचपून उचललं आणि त्याच्या जुन्याच पाकिटात ठेवलं. पाकिटावरचं काही खोडलं नाही.

जिन्यात सून म्हणाली, "आई, त्यांनी स्वतः बघायला भिंग मागितलंसुद्धा नाही हो. तुमच्या शब्दावरच लिहिलं."

ते माझ्याही लक्षात आलं होतं. कठडा धरून मी एकेक पायरी उतरले.