थांबा ताई, परत सांगा

दुसऱ्याचं दुःख समजून घेणं ही साधना आहे, असं लातुरातले माझे एक शेजारी सांगतात. त्यांची वेबसाइट आहे. तिथल्या लिंकवरून कुणी दुसऱ्याचा माल घेतला की यांना कमिशन मिळतं. माल त्यांनी कधी हातात धरलेला नाही. लोक मोबाइलवर कोणत्या शब्दांत शोधतात, एवढंच ते हुडकत फिरतात. कुणी कण्हलं की यांची डायरी निघते.

लेकीच्या क्लाससाठी किनवटहून येऊन खाली खोली केलेल्या बाई एकदा जिन्यात रडत होत्या. "पोरगी लई वाचते हो भाऊ, पण ध्यानातच राहत न्हाई."

"थांबा ताई, परत सांगा."

ऐकणारं कुणी भेटलं म्हणून बाईंनी परत सांगितलं.

आठवड्यात ते वाक्य जसंच्या तसं वेबसाइटवर झळकलं, खाली स्मरणशक्तीची पावडर. मी भडकलो. "अहो, आईचं रडणं विकता?"

"सर, लातुरात अशा किती आया हायत! याच्याहून चांगली निश, म्हंजे गिऱ्हाइकाची दुखरी नस, कुठं भेटणार?"

त्या पानावरून आजवर एकच डबा खपला आहे. बाईंनी मोबाइलवर शोधताना तेच वाक्य टाकलं होतं.