रिकामा आणू नको

कुरुंद्याच्या स्टँडवर नांदेडची एसटी लागली, तेव्हा आईने माझ्या हातात स्टीलचा डबा दिला. आत बिस्किटं होती आणि झाकणावर दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नाव कोरलेलं होतं. मी नर्स म्हणून डब्लिनला निघाले होते आणि त्यावरून आई आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती. वसमतच्या दवाखान्यात नोकरी मिळत असताना पोरीने विमानात बसून जावं, हे तिच्या गळी उतरत नव्हतं. आठ दिवसांनी ती बोलली तीही डब्याबद्दलच.

"माहा डबा हाय ह्यो. वापस आन. अन् रिकामा आणू नको."

मी मान हलवली. रिकामं भांडं परत करू नये, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. शेजारणीची वाटी परत जाते तेव्हा तिच्यात निदान चिमूटभर साखर तरी जाते. एसटी निघाली. आई हात न हलवता तशीच उभी होती.

ती बिस्किटं वसमतच्या भट्टीतली. दरवर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीआधी, भर उन्हात, आई मैदा, साखर आणि तूप घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायची. नंबर लागेपर्यंत दुपार टळायची. सगळ्यांचे ट्रे एकाच भट्टीत जात, म्हणून अदलाबदल होऊ नये यासाठी प्रत्येक घराची बिस्किटावर खूण असायची. कुणी किल्ली दाबायचं, कुणी चमच्याची दांडी. आमची खूण होती दादांच्या पेनाचं टोपण. बिस्किटाच्या मधोमध एक गोल. दादा मास्तर होते, मी दहावीत असताना गेले. पेन कुठे गेलं कुणास ठाऊक, पण टोपण आईने जपलं.

डब्लिनमध्ये बिस्किटं तीन महिन्यांत संपली आणि डबा फ्रिजवर जाऊन बसला. आई दर रविवारी फोनवर विचारायची, "डबा हाय नव्हं?" मी कधी येणार, हे तिने एकदाही विचारलं नाही. मी तिचीच लेक, मीही सांगितलं नाही. शिवाय डबा भरून न्यायचा कशाने? दुकानातली चॉकलेटं त्यात ओतायची मला लाज वाटे. रजा मिळायची, मी जादा ड्युट्या घ्यायचे. खरी भीती वेगळीच होती. आई डबा ठेवून घेईल आणि मला पाहुणीसारखा कपबशीत चहा देईल, ही. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले त्यांना ही भीती ठाऊक असेल. जे मागे राहिले त्यांना ती खोटी वाटेल. अशी सात वर्षं गेली.

मग माझ्या फ्लॅटमध्ये टेस राहायला आली, माझ्याच वॉर्डातली फिलिपिन्सची नर्स. एका सकाळी फ्रीझर उघडला तर आत बटरपेपरमध्ये गुंडाळलेला कोथिंबीर वडीचा उंडा. निदान मला तरी तो तसाच वाटला. टेसने तो काढला, पाच मिनिटं बाहेर ठेवला, सुरीने चार चकत्या कापल्या, ओव्हनमध्ये सारल्या आणि उरलेला उंडा पुन्हा फ्रीझरमध्ये. बारा मिनिटांत चार कुकीज. चारच? मला हसू आलं. आमच्या भट्टीवर चार बिस्किटं तर चाखण्यातच जायची. पण दोन तिने माझ्यापुढे ठेवल्या, आणि पहिल्या घासाला मी वसमतला जाऊन आले.

फोनवर आईला सगळी कृती सांगितली. बटर, साखर, मैदा मळायचा, लांब उंडा वळायचा.

"मंग वाफवायचा," आई म्हणाली.

"न्हाई, गारठवायचा."

"गारठवून कुटं बिस्किट व्हतंय?" आई त्या दिवशी हसली. सात वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकलं.

मग मात्र मी हात धुऊन मागे लागले. मला आमची खूण हवी होती, आणि टोपण तर आईजवळ. म्हणून साध्या पिठाचा बारीक उंडा वळला, त्याला कोको घातलेल्या पिठाची पातळ पोळी गुंडाळली, वरून पुन्हा साधं पीठ. पहिला उंडा फ्रिजमध्ये एका कुशीवर पडून चपटा झाला आणि गोलाचं अंडं झालं. टेस म्हणाली, त्याला दर पंधरा मिनिटांनी फिरवायचं असतं, आपण पेशंटची कूस बदलतो तसं. ते मला लगेच कळलं. तिसऱ्या उंड्याला गोल नीट उतरला. कुठूनही कापा, प्रत्येक चकतीत तोच.

डबा गच्च भरला आणि मी तिकीट काढलं.

घरी आईने झाकण काढलं, एक कुकी उचलली, उलटी केली, मोडून पाहिली. खूण आरपार होती. मग ती आत गेली आणि टोपण घेऊन आली. गोलावर टेकवलं.

"जरा मोठं झालंय," ती म्हणाली आणि ती कुकी खाल्ली. चहा तिने स्टीलच्या पेल्यात दिला, काठोकाठ. माझा जीव भांड्यात पडला.

महिन्याने निघताना तिने तोच डबा पुढे केला. हलका लागला. उघडून पाहिला तर घासूनपुसून लख्ख, आणि रिकामा.

"आई, रिकामाच?"

"भरून परक्याला देत्यात. तू काय परकी हाईस?"

"मग तेव्हा काहून म्हणली, रिकामा आणू नको?"

तिने माझ्या हातातल्या डब्याला झाकण लावलं. "त्या दिशी वाटली व्हतीस परकी. रागात बोलले मी. तू ते सात साल धरून बसशील, हे मला काय ठाव? रिकामी आली असतीस तरी चाललं असतं, माय."

स्टँडवर आम्ही दोघी रडलो. एसटी निघाली तेव्हा आईने हात हलवला, फार वेळ हलवला.

आता मी दर दोन वर्षांनी जाते. फ्रीझरमध्ये एक उंडा असतोच. कधी डबा भरून नेते, कधी वेळच मिळत नाही. गेल्या खेपेला तर तो फ्रिजवरच विसरला, हे मला नांदेडला उतरल्यावर आठवलं. घरी पोचले. आईने डब्याचं विचारलंही नाही. म्हणाली, "हात धू, जेवायला बस."