पंधरा तासांचे पंचावन्न

हे माझ्या बायकोला ठाऊक नाही. सख्ख्या बहिणीला, सुमनलाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

बाबा रेवसच्या धक्क्यावर हमाल होते. पांढऱ्या कांद्याची पोती लाँचमध्ये चढवायची, तेव्हा घरात भात शिजायचा. लाँचच्या वेळा भरती-ओहोटीप्रमाणे बदलायच्या, फळ्यावर लिहिलेल्या असायच्या, आणि बाबांना वाचता येत नव्हतं. लाँच चुकली की त्या दिवशी चूल थंड. तिसरीत गेल्यापासून तो फळा मी वाचायला लागलो. घरात वेळ सांगायचं काम माझं झालं. मी सांगेन ती वेळ, तिच्यावर कुणी शंका घेतली नाही. पुढे घराण्यातला पहिला पदवीधर झालो, न्यूयॉर्कला गेलो. त्याचा अभिमान आहे मला, लपवत नाही.

बाबा गेले त्या मंगळवारी सुमनचा फोन आला. "दादा, आय म्हनते आगीन तूच द्यायची. धक्क्यावर मासळीचा बर्फ हाय, लाद्या आणून उद्यापर्यंत थांबू. विमानाला किती तास लागतात?"

साधा प्रश्न. न्यूयॉर्क ते मुंबई साडेबारा हजार किलोमीटर, थेट विमानाने पंधरा तास. पुढचा रस्ता धरला तरी दिवसाभरात मी अंगणात असतो. तिकीट समोर लॅपटॉपवर उघडं होतं. पण गुरुवारी माझी नोकरीची शेवटची मुलाखत होती.

मुलाखत आहे, येत नाही — एवढं म्हणायला काय लागतं? पण मग मी काय निवडलं, ते आईला कळलं असतं. मी म्हणालो, "पंचावन्न. मध्ये दोन विमानं बदलायची."

सुमन म्हणाली, "मग न्हाय जमायचं, दादा. तू नको वाईट वाटून घेऊ."

अग्नी चुलतभावाने दिला. भावकीत कुणी टोमणा मारलाच, तर आई अजून सुनावते — "पंचावन्न तास लागतात तिकडनं. माझा पोर काय पाखरू हाय?" सुमनच्या हातात स्मार्टफोन आहे. एका मिनिटात कळेल तिला. तिने कधी पाहिलं नाही. दादाने सांगितलंय ना.

इथेच थांबलं असतं, तर कदाचित मी हे लिहिलं नसतं. पण सुट्टी संपवून मी परत निघालो, की आई देवापाशी दिवा लावते. मी पोचल्याचा फोन येईपर्यंत तो विझू देत नाही, नीट जेवत नाही. आणि मी — पंधरा तासांत उतरतो. घरी जातो, झोपतो, दुसऱ्या दिवशी कामावरही जाऊन येतो. फोन करत नाही. पंचावन्न भरायचे असतात. लवकर केला तर ती विचारेल, आज एवढ्यात कसा पोचलास? तिकडे ती दिव्यात तेल घालत असते, आणि इकडे मी घड्याळाकडे बघत असतो. मागच्या महिन्यातही तेच केलं.

गुरुवारची ती मुलाखत चांगली झाली. नोकरी मला मिळाली.